मुंबई ते दुबई १,९३० किलोमीटर. पण खेड-चिपळूणहून किती तास?

मुंबई विमानतळापासून दुबई विमानतळापर्यंतचं हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. तरी हे अंतर शोधायला बसलं की कुठे १,९३०, कुठे १,१९९, तर कुठे १,०४० असे आकडे दिसतात. तिन्ही बरोबर आहेत. १,१९९ हे आपले नेहमीचे मैल आणि १,०४० हे सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वैमानिक आणि हवाई नियंत्रक सागरी मैलांतच बोलतात, आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल, असा मोजतात. चार-दहा किलोमीटरचा फरक दिसला तर समजावं की कुणी विमानतळ ते विमानतळ मोजलंय आणि कुणी शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत.

आखातातली बाकीची ठिकाणंही याच पट्ट्यात येतात. मुंबईहून शारजा साधारण १,९१५ किलोमीटर, अबू धाबी १,९७० आणि मस्कत १,५९०. अबू धाबी आणि दुबईत हवेतून चाळीसच किलोमीटरचा फरक दिसतो, पण या दोन शहरांमध्ये रस्त्याने १३० किलोमीटरहून जास्त अंतर आहे. ‘अबू धाबीचं तिकीट हजार रुपयांनी स्वस्त मिळालं’ म्हणून घेताना तिथून दुबईपर्यंतचा बसचा किंवा टॅक्सीचा खर्च आणि दीड-दोन तास त्यात धरा. शारजाचं तसं नाही. तो विमानतळ दुबईला लागूनच आहे, फक्त कामावर जाण्या-येण्याच्या वेळेत त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.

आता वेळ. इंडिगो किंवा एअर इंडिया एक्सप्रेस वापरतात त्या एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ जातीच्या विमानाचा वर गेल्यावरचा वेग साधारण ४५० नॉट, म्हणजे ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास असतो. १,०४० भागिले ४५० केलं की २ तास १९ मिनिटं येतात. यात वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो त्याची दहा-बारा मिनिटं, मुंबईत धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याची वीस मिनिटं आणि दुबईत उतरल्यावर गेटपर्यंतची दहा मिनिटं मिळवली की तीन तास होतात. वेळापत्रकात छापलेला वेळ हाच असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात : विमान गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंत. बोइंग ७७७ सारखं मोठं विमान ४८० नॉटच्या आसपास जातं आणि एवढ्या अंतरात नऊ-दहा मिनिटं वाचवतं. त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खरी गंमत वाऱ्यात आहे, आणि पाऊस-वारा बघून दिवस ठरवणाऱ्या आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ती लगेच पटेल. हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्च, उत्तर भारत आणि आखाताच्या वरून उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. हा जेट प्रवाह. मुंबई-दुबईच्या वाटेवर तेव्हा ५० नॉटचा वारा नेहमीचाच, कधी त्याहून जास्त. जाताना तो तोंडावर येतो. ४५० चा वेग जमिनीच्या हिशेबाने ४०० वर येतो आणि २ तास १९ मिनिटांचे २ तास ३६ होतात. येताना तोच वारा पाठीशी असतो, वेग ५०० होतो आणि २ तास ५ मिनिटं पुरतात. म्हणजे त्याच दोन शहरांत, त्याच विमानाने, जाण्यात आणि येण्यात अर्ध्या तासाचा फरक पडतो. म्हणूनच बऱ्याच कंपन्यांच्या हिवाळी वेळापत्रकात जाण्याचा वेळ सव्वातीन तास आणि येण्याचा पावणेतीन ते तीन तास असा दिसतो.

पावसाळ्यात हे चित्र उलटं होतं. खाली समुद्रावर नैऋत्येचा वारा होड्या बंदरात बांधून ठेवायला लावतो, पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत असतो. याला उष्णकटिबंधीय पूर्वी जेट प्रवाह म्हणतात. तो जगासमोर स्पष्टपणे मांडला तो आपल्याच हवामान खात्यातले शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी, १९५८ मध्ये. त्याचा मुख्य जोर दक्षिण भारतावर आणि विमानांच्या वाटेपेक्षाही उंचावर असतो. त्यामुळे मुंबई-दुबईच्या वाटेवर त्याची हलकीच मदत होते, पण जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्याच्या तोंडावर वारा नसतो एवढं नक्की. कोकणातल्या पावसाळ्याशी या वरच्या वाऱ्याचा थेट संबंध आहे, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात ठळक अक्षरांत असायला हवी.

खिडकीतून किंवा समोरच्या पडद्यावर उंची बघायची सवय असेल तर आणखी एक गोष्ट दिसेल. पश्चिमेकडे जाणारं विमान ३२, ३४, ३६ हजार फूट अशा सम आकड्यांवर असतं आणि पूर्वेकडे येणारं ३३, ३५, ३७ अशा विषम आकड्यांवर. समोरासमोर येणाऱ्या विमानांमध्ये हजार फुटांचं अंतर राहावं म्हणून हा नियम आहे.

वाट जवळजवळ सगळी समुद्रावरून आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि वर्षातला बहुतेक काळ विमानं पश्चिमेकडे तोंड करून, जुहू-वर्सोव्याच्या बाजूने समुद्रावर निघतात. दुबईला जाणाऱ्याला हे सोयीचं पडतं, कारण विमान उठतं तेच जायच्या दिशेला. मग अरबी समुद्र ओलांडून ओमानच्या हवाई हद्दीत शिरायचं आणि तिथून दुबईकडे उतरायचं. येताना मात्र वळसा पडतो. विमान पश्चिमेकडून समुद्रावरून येतं, पण उतरायचं असतं पश्चिमेकडेच तोंड करून. त्यामुळे ते शहर ओलांडून ठाणे-नवी मुंबईच्या बाजूला जातं, वळतं आणि घाटकोपरवरून धावपट्टीवर येतं. ‘समुद्र संपला, मुंबईचे दिवे दिसले, तरी वीस मिनिटं उतरत का नाही’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी विमानं वर घिरट्या घालतात ती यामुळे.

पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून ‘दुबईचा प्रवास लांबला’ असं अनेकांच्या बोलण्यात येतं. त्यानंतर वळसा पडला तो दिल्ली आणि उत्तरेकडून निघणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना. मुंबईची वाट मुळातच त्या हद्दीच्या दक्षिणेला आहे.

घड्याळाचा हिशेब नीट लावा. दुबई, अबू धाबी, मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे आहेत. दोहा, कुवेत, बहरीन आणि सौदी अडीच तास मागे. तिकिटावर नेहमी त्या-त्या गावची वेळ छापलेली असते. समजा मुंबईहून पहाटे ४:३० ला निघून दुबईला ६:१५ ला पोचतं. वजाबाकी पावणेदोन तासांची दिसते. त्यात दीड तास मिळवा, सव्वातीन तास झाले. येताना दुबईहून रात्री १०:०० ला सुटून मुंबईत २:३० ला आलं, तर दिसतात साडेचार तास. त्यातून दीड काढा, तीन उरतात. घरी सांगताना कुणाला कुठल्या घड्याळाची वेळ सांगताय ते स्पष्ट सांगा, नाहीतर आणायला आलेली गाडी दीड तास उभी राहते आणि पार्किंगचे पैसे वाढत जातात.

सर्वांत जास्त विमानं चुकतात ती तारखेमुळे. आखाताची पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ००:४०’ असेल तर घरून निघायचं आहे १४ तारखेला, आणि १४ च्या रात्री साडेनऊ-दहालाच विमानतळावर असायला हवं. १५ च्या रात्री निवांत जेवून विमानतळावर पोचणाऱ्याचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. तिकीट आलं की पहिलं काम हे करा : कॅलेंडरवर विमानाच्या तारखेला नव्हे, घर सोडायच्या तारखेला आणि वेळेला खूण करा.

इथून पुढचा हिशेब कोकणचा, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. खेड, मंडणगड, दापोली, श्रीवर्धन, चिपळूण या पट्ट्यात आखातात माणूस नसलेलं गाव सापडणं कठीण. पण अंतर आणि वेळ सांगणारे सगळे आकडे मुंबईपासून सुरू होतात. हवेतले तीन तास पंधरा-वीस मिनिटांनी इकडे-तिकडे होतील. घर ते विमानतळ हा टप्पा मात्र सहा तासांचा बारा तास होऊ शकतो.

म्हणून हिशेब उलटा लावायचा. विमान पहाटे ४:३० चं असेल तर सामान घेण्याचा काउंटर साधारण तास-सव्वातास आधी बंद होतो, म्हणजे सव्वातीनला. ही वेळ खरी आखरी रेघ. विमान सुटायची नव्हे. मोबाइलवर चेक-इन केलं असलं तरी बॅग द्यायची आहे, तेव्हा रेघ तीच. तीन तास आधी पोचायचं म्हणजे दीड वाजता टी२ ला, म्हणजे मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ ला. ठाण्याहून टी२ रात्रीच्या वेळी पाऊण तास, पनवेलहून सव्वा तास धरा. म्हणजे ठाण्याला बारा-साडेबारापर्यंत उतरलं पाहिजे.

दुपारी गोव्याहून निघणारी वंदे भारत यासाठी सोयीची आहे. कणकवली, रत्नागिरी, खेड असे थांबे घेत ती रात्री पनवेल-ठाण्याला येते. जनशताब्दी आणि मांडवीही रात्रीच मुंबईत पोचतात. मात्र या गाड्यांच्या भरवशावर मध्यरात्री १२:४० चं विमान धरू नका. गाडी दोन तास लेट झाली की पुढचं सगळं कोसळतं. तशा विमानासाठी आदल्या रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी पकडून सकाळी मुंबईत पोचावं आणि दिवस नातेवाइकांकडे काढावा. दुपार-संध्याकाळच्या विमानाला तर या दोन रात्रीच्या गाड्याच उत्तम. सीएसएमटी किंवा दादरला उतरलात तर भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो ३, थेट टी२ पर्यंत जाते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे. दिवसा सामान आवरतं असेल तर टॅक्सीपेक्षा ती भरवशाची, पण रात्री उशिरा बंद असते.

पावसाळ्यात हे सगळं पुन्हा मांडावं लागतं. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं. गाड्यांचा वेग कमी ठेवतात, आणि जोराच्या पावसात पुढचं दिसेनासं झालं तर चालकांना ताशी ४० किलोमीटरने गाडी न्यायच्या सूचना असतात. वंदे भारतच्या फेऱ्याही त्या काळात कमी होतात. मार्च महिन्यात बघून ठेवलेली वेळ जुलैत धरणं म्हणजे विमान चुकवण्याची तयारी. शिवाय दरड. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड रुळावर आली आणि मार्ग सुमारे २४ तास बंद राहिला. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं तेव्हा रेल्वे आणि महामार्ग दोन्ही एकदमच अडले. कशेडीचा बोगदा झाल्यापासून रस्त्याने जाणाऱ्यांचा घाट वाचतो, पण परशुराम घाटात मुसळधार पावसात वाहतूक थांबवली जाते ती वेगळीच. चिपळूणहून मुंबई अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. उन्हाळ्यात सहा-सात तास पुरतात, जुलैत मी कुणालाही दहाच्या खाली धरायला सांगणार नाही. जून ते सप्टेंबर या काळात आदल्या दिवशी मुंबई गाठून मुक्काम करावा, हे माझं ठाम मत आहे. एका रात्रीची गैरसोय नवीन तिकिटापेक्षा आणि कामावर हजर व्हायची तारीख हुकण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

दुसरी खबरदारी तिकिटावरच्या विमानतळाची. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला आहे. पनवेलला उतरणाऱ्या कोकणी माणसाला तो हाताशी आहे, पण दोन्हीकडे ‘मुंबई’ असंच लिहिलेलं असू शकतं. कोड बघा : बीओएम म्हणजे अंधेरी-सहारचा जुना, एनएमआय म्हणजे उलव्याचा. चुकीच्या विमानतळावर पोचलात तर संध्याकाळच्या गर्दीत दुसऱ्यावर वेळेत जाणं अशक्यच समजा.

सिंधुदुर्गवाल्यांनी मुंबईचा विचार सगळ्यात शेवटी करावा. सावंतवाडीहून मुंबई पाचशे किलोमीटर, आणि गोव्यातला मोपा विमानतळ तासाभरावर. मोपाहून हवेतलं अंतर थोडं जास्त आहे : मस्कत सुमारे १,८५०, दुबई २,२०० आणि अबू धाबी २,२२५ किलोमीटर. म्हणजे मुंबईपेक्षा अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर जादा, हवेत वीसेक मिनिटं. त्या वीस मिनिटांच्या बदल्यात रेल्वेचे किंवा रस्त्याचे दहा-बारा तास वाचतात. थेट विमान रोज नसतं आणि हंगामाप्रमाणे बदलतं, म्हणून आधी विमानाचा वार बघा, मग रजेचा अर्ज द्या. इथेही कोड तपासायचा : मोपाचा जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. दोन्ही गोवाच, पण एक पेडण्यात आणि दुसरा पार झुआरीच्या पलीकडे. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण तिथून परदेशी विमानं नाहीत.

विमानतळावर वेळ खाणाऱ्या दोन गोष्टी कोकणातल्या घरांत हमखास असतात. पहिली खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर कडक बंदी आहे, ती अमली पदार्थांत धरतात आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. नुसती पुडी नव्हे, अनारसे, खसखस घातलेले लाडू आणि घरी कुटलेला मालवणी मसालासुद्धा. आईला किंवा वहिनीला मसाला कुटण्याआधीच सांगा. दुसरी वस्तू सुकं खोबरं. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात, आणि त्यासाठी बॅग उघडायला लावली की वीस मिनिटं गेलीच. कोकमाचं आगळ आणि लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नका. मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून, कपड्यांच्या मध्ये. ज्यांचा पासपोर्ट ईसीआर शिक्क्याचा, म्हणजे परदेशी नोकरीसाठी सरकारी परवानगी लागणारा आहे आणि जे अमिरातीत नोकरीसाठी चालले आहेत, त्यांनी परवानगी आधीच काढलेली हवी. ती नसेल तर इमिग्रेशनच्या खिडकीवरून माणूस परत येतो.

दुबईच्या बाजूने उशीर होतो तो बहुतेक वेळा धुक्याने. डिसेंबर ते फेब्रुवारीत पहाटे तिथे दाट धुकं उतरतं आणि विमानं थांबवतात किंवा दुसरीकडे वळवतात. पाऊस क्वचित, पण आला की हाल होतात. १६ एप्रिल २०२४ ला दुबई विमानतळावर चोवीस तासांत सुमारे १४२ मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढचे काही दिवस वेळापत्रक कोलमडलं होतं. रत्नागिरीत जुलैमध्ये एवढा पाऊस एका दिवसात पडतो आणि शाळाही भरतात. तिथे मात्र वर्षाचा सगळा पाऊस मिळून शंभर मिलिमीटरच्या आत असतो, गटारं आणि रस्ते त्याच हिशेबाने बांधलेले. पुढे दुसरं विमान जोडलेलं असेल तर हिवाळ्यातली पहाटेची जोडणी टाळावी.

परतताना हिशेब सोपा आहे, फक्त विमान कितीला उतरतं ते बघून घ्या. इमिग्रेशन, पट्ट्यावरून बॅग आणि कस्टम यांत सव्वा ते दीड तास जातो. जनशताब्दी, वंदे भारत आणि तेजस पहाटे पाच ते सहाच्या दरम्यान सीएसएमटीहून सुटतात, मांडवी सातनंतर. रात्री अडीचपर्यंत उतरणारं विमान असेल तर टॅक्सीने ठाणे गाठून यांतली एक सहज मिळते. सीएसएमटीला उलटं जायची गरज नाही. साडेतीननंतर उतरणाऱ्याने मांडवी धरावी. गणपतीला येणार असाल तर हे तिकीट आधी आणि विमानाचं नंतर. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं आणि चतुर्थीच्या आसपासच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात. सकाळी आठला आरक्षण सुरू होतं. दुबईत तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, आणि गजर त्याच्याही आधीचा लावावा लागतो.